बाजारातल्या दोन मिरच्या

“...मग काय सर, पैठणी फाडून पायपुसणी शिवायची?”

शरयूचा आवाज चढला होता. जमादार सर निवांत भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते.

“कोण म्हणतंय फाड म्हणून?”

“सदानंद. माझा भागीदार. म्हणतो, एका कॉम्प्युटरच्या जिवावर कंपनी तगायची नाही. आपला खेळ आणखी दोन कॉम्प्युटरांवर न्यायचा, नाहीतर सोमवारी कुलूप.”

“मग ने की.”

सरांकडून तिला हे अपेक्षित नव्हतं.

गोष्ट एकोणीसशे सत्त्याऐंशीची. तेव्हा घरचा कॉम्प्युटर म्हणजे टीव्हीला जोडायचा एक कीबोर्ड, आणि खेळ यायचा कॅसेटवर. ज्या त्या कंपनीचा कॉम्प्युटर निराळा. एकाची कॅसेट दुसऱ्याला चालायची नाही. शरयू केतकरने लिहिलेला ‘बाजार’ एकाच कॉम्प्युटरवर चालायचा, सगळ्यात रंगीत आणि सगळ्यात महाग. तो ज्यांच्या घरी होता, अशी घरं अख्ख्या पुण्यात मोजकी. त्या सगळ्यांची कॅसेट घेऊन झाली होती.

“त्या दोन कॉम्प्युटरांवर रंगच नाहीत, सर. सगळं काळंपांढरं. त्यापेक्षा बंद केलेलं बरं.”

हे ती उगाच म्हणत नव्हती. तिच्या पर्समध्ये भागीदारी मोडल्याचा कागद होता. सदानंदने जड हाताने सही केली होती, तिची राहिली होती. ज्यांनी आपल्याला गणित शिकवलं त्यांच्या पाया पडायचं आणि मग सही करायची, असं ठरवून ती सकाळच्या एसटीने मिरजेला आली होती. तीन वर्षांचं काम होतं ते. जीव तुटत होता, पण मान वाकत नव्हती.

“एक डाव खेळू का?” सरांनी हात झटकले.

तो कॉम्प्युटर गुरुपौर्णिमेला तिनेच आणून दिला होता. सर त्यावर रोज ‘बाजार’ खेळत.

वरून मिरच्या पडू लागल्या. लाल आली की डाव्या टोपलीत, हिरवी आली की उजव्या. सर चष्मा सावरून, अगदी मन लावून बटणं दाबत होते. वीस मिरच्या पडल्या. बरोबर आल्या नऊ.

शरयूला हसू आवरेना.

“सर! चौथीतली पोरं अठरा काढतात हो.”

“हुशार आहेत पोरं.”

“आणि यातली गंमत सांगू? मिरचीचं चित्र एकच आहे. मी फक्त रंग बदलते. कॉम्प्युटरच्या मेमरीतली कितीतरी जागा वाचली त्यात. याला डोकं लागतं, सर.”

“लागतं,” सर म्हणाले.

मग ते उठले आणि त्यांनी टीव्हीचं रंगाचं बटण फिरवत फिरवत पार शेवटाला नेलं. पडद्यावरचा बाजार राखाडी झाला.

“आता तू खेळ.”

पहिली मिरची चुकली. दुसरी चुकली. तिसरी नशिबाने बरोबर आली. सहाव्या मिरचीला शरयूने कीबोर्ड बाजूला सारला.

“असं कसं खेळणार? दोन्ही सारख्याच दिसतात!”

“होय,” सर म्हणाले. “मलाही.”

...

शरयूने बटणाकडे पाहिलं. मग सरांकडे.

“मघाशी... रंग होते तेव्हा?”

“तेव्हाही. जन्मापासूनच तसं आहे, पोरी. रेल्वेत गार्ड व्हायचं होतं मला. तिथल्या डॉक्टरने दोन दिवे दाखवले. म्हणाला, लाल कुठला? मी म्हटलं, दोन्ही छान आहेत, साहेब.” सर स्वतःशीच हसले. “रेल्वेने घेतलं नाही. मग शाळेने घेतलं.”

शरयूला हसता येईना.

तिला फळा आठवला. आठवीचा वर्ग, भूमिती. सर दोन त्रिकोण काढायचे. एकात तिरक्या रेघा, दुसऱ्यात ठिपके. शेजारच्या वर्गात रंगीत खडू वापरायचे, म्हणून तिकडची पोरं यांना चिडवायची. पण आकृती एकदा बघितली की डोक्यात बसायची ती याच वर्गाच्या. शरयूच्या वहीत अजूनही तशाच रेघा आणि ठिपके होते.

“रेघा आणि ठिपके...” ती पुटपुटली. “मला वाटायचं, तुमची हौस आहे ती.”

“हौस कसली? डब्यातले दोन खडू मला सारखेच दिसायचे.”

शरयूचे डोळे भरून आले. इतके दिवस हा माणूस आपला खेळ रोज हरत होता, आणि आपण त्याला पोरांचे मार्क सांगत होतो. तिला स्वतःची लाज वाटली. सरांबद्दलची माया मात्र पोटात मावेना.

“सांगायचं नाही का, सर?”

सरांनी सोललेल्या दाण्यांची वाटी तिच्यापुढे सरकवली.

“खा.”

तिने चार दाणे तोंडात टाकले. मग पर्स उघडली आणि तो कागद काढला. क्षणभर हातात धरला. उलटा केला. मागची बाजू कोरी होती.

“सर, पेन्सिल आहे?”

पेन्सिल सरांच्या खिशातच होती.

शरयूने आठ बाय आठचे चौकोन आखले. पडद्यावरचं चित्र तेव्हा असंच करत, एकेक चौकोन भरून. तिने मिरची काढली, पोटात ठिपके दिले. शेजारी दुसरे चौकोन आखले.

“हिच्यात तिरक्या रेघा?” तिने विचारलं.

सर वाकून बघत होते. त्यांनी तिच्या हातातून पेन्सिल घेतली आणि दुसऱ्या मिरचीचं देठ वाकडं केलं.

“आता रेघा दे.”

मग ती कॉम्प्युटरवर खेळातल्या मिरच्या बदलायला बसली, तासभर खोलीत बटणांचाच आवाज होता. वाचवलेली जागा खर्ची पडली, त्याचं तिला काही वाटलं नाही.

पडदा अजून राखाडीच होता. सर खेळायला बसले. वरून मिरच्या पडू लागल्या, आणि सर लहान मुलासारखे पुढे सरकले. शरयू पडद्याकडे बघतच नव्हती. ती सरांच्या चेहऱ्याकडे बघत होती.

वीसपैकी एकोणीस.

“एक माझ्या घाईने गेली,” सर म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

शरयूने नाक पुसलं आणि हात टीव्हीच्या बटणाकडे नेला. तिथेच थांबली.

“सर... रंग परत लावू का?”

सर पुढचा डाव मांडत होते.

“लाव की, पोरी. आता माझं काय अडतंय?”