दोन आण्यांची सुई आणि राजाचं पोट

भानुसेन महाराजांच्या पोटात गाठ झाली आणि सगळ्या दरबाराची अक्कल तिथंच जाऊन अडकली! गाठ साधी की घातकी, एवढंच ठरवायचं होतं. राजवैद्य गदाधरशास्त्री रोज पालखीतून येत, केसासारखी बारीक सुई पोटात खुपसत, आलेला थेंब उजेडात धरत आणि मान हलवत, "थेंब अपुरा पडला. उद्या पुन्हा टोचू."

सुई स्वस्त, दोन आण्यांची. पण त्या राजघराण्याची रीतच अशी, की वैद्याचा हात राजाच्या अंगाला लागला रे लागला, की वैद्याच्या अंगावर जरीचा शेला पडलाच पाहिजे! शास्त्रीबुवांच्या घरी खिडक्यांना शेल्यांचे पडदे लागले, महाराजांच्या पोटाची चाळण झाली, आणि गाठ कसली ते कुणाला कळेना.

शेवटी गोंदा लोहारानं जाड, पोकळ सुई घडवली. ती गाठीचा कणभर तुकडाच कापून आणायची. किंमत सांगितली एक मोहोर. झालं!

"एका सुईला मोहोर? राजाला लुटतोस?" म्हणत महाराजांनी त्याला कोठडीत टाकलं. लुटारू ओळखावा तर असा!

गोंदाची लेक पुतळा भाता सोडून, काजळीच्या हातांनी तशीच दरबारात आली. "महाराज, माझ्या बापाची सुईच स्वस्त आहे."

शास्त्रीबुवांनी नाकाला उपरणं लावलं. "अगं, तुला पाढे तरी येतात का?"

"येतात की! तुम्हाला मात्र एकच येतो, 'उद्या पुन्हा'चा."

महाराज चिडले. "आत्ताच्या आत्ता सिद्ध कर. पण कुणाच्याही अंगाला सुई लागता कामा नये. नाही जमलं, तर तुझ्या बापाची भट्टी कायमची विझवतो!"

"मग एक हुकूम काढा. टोचल्याचा शेला आजपासून बंद. गाठ कसली ते छातीठोक सांगेल, त्यालाच शेला. नुसतीच मान हलवली, तर दर टोचणीमागे एक शेला वैद्यानं परत करायचा."

"काढला हुकूम!"

पुतळानं दोन्ही सुया ताटात घालून शास्त्रीबुवांपुढं धरल्या. "उचला, वैद्यबुवा. उद्या कुठली वापरणार?"

शास्त्रीबुवांचा हात सवयीनं बारीक सुईकडं गेला, थबकला, आणि गुपचूप जाड सुईवर पडला.

"अहो, ती महाग ना?"

"पण एकदाच टोचून भागतं..." शास्त्रीबुवा बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

"ऐकलंत, महाराज? शेले तुमचे जात होते तोवर बारीक सुई स्वस्त. यांचे जाणार म्हटल्यावर जाड सुई स्वस्त!"

महाराज पोट धरून हसले. "सोडा रे त्या लोहाराला!"

दुसऱ्या दिवशी जाड सुई एकदाच आत गेली. गाठ साधी निघाली. खूश होऊन महाराज हातातलं सोन्याचं कडं काढू लागले.

"कडं नको," पुतळा म्हणाली. "घण मारताना आडवं येतं. दुभती म्हैस द्या."

महाराज पुन्हा खदखदून हसले, आणि बापलेक रेडकासकट म्हैस हाकत घरी गेले.