बुजवलेली तोटी

"...पण पेट्रोलचा वास येईलच कुठून, वस्ताद? वासाला मी वाटच ठेवलेली नाही."

वस्ताद मुल्लाणी गाडीखालून बाहेर आले. हात पुसले. पुन्हा वाकून पाहिलं.

सुट्या भागांचा संच मागवून हेमांगीनं ही दोन सीटांची गाडी वस्तादांच्या कोल्हापुरातल्या शेडमध्ये स्वतः बांधली होती. पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या उलट्या अंगानं नेलेली. पत्र्यातून जाते तिथं रबरी कडं. वीत-वीत अंतरावर चिमटे.

तंत्रनिकेतनात उभी हयात शिकवलेल्या वस्तादांना खोट काढायची खोड होती. ते तिसऱ्यांदा वाकले, तेव्हा हेमांगीनं नळीवरचे चिमटे पुन्हा मोजले. कौतुक झालं तरी ती मोजायचीच.

"टाकीच्या माथ्यावर एक तोटी होती," वस्ताद म्हणाले.

"बुजवली. वाफ येत होती तिच्यातून."

"आणि झाकण?"

"हवाबंद. जास्तीचा वायसर घातलाय."

"हं..."

वस्तादांच्या शेडचा एक रिवाज होता. पहिल्या फेरीला बांधणाऱ्यानं आपल्या घरचं माणूस शेजारी बसवायचं. ते उतरून 'ठीक' म्हणालं, तरच गाडी घरी न्यायची. नाहीतर पुन्हा उकलायची.

हेमांगीच्या घरून सासूबाई आल्या होत्या. नवऱ्याला सुट्टी मिळाली नव्हती. मिळाली असती तरी त्याच आल्या असत्या.

"चालव गं. बघतेस काय?" पदर खोचून त्या म्हणाल्या.

दात येऊ घातलेली लेक, रेवा, हेमांगीनं वस्तादांच्या मांडीवर दिली. सोबत दुधाची बाटली, दुपटं, जादा दुपटं आणि त्याहून जादा सूचना.

गाडी सुटली. शेडमागच्या टेकडीचा निम्मा चढ झोकात चढली. मग खोकली... पंप कण्हला... इंजिन गप्प.

"काय झालं?"

"काही नाही, आई."

"काही नाही, तर मग आपण मागं का चाललोय?"

ब्रेक दाबत, उताराला लागत गाडी शेडच्या दारात येऊन थांबली.

"पंप बदलते," हेमांगी म्हणाली. "नाहीतर नळी. नाहीतर सगळंच उकलते. मला वाटलंच होतं, हे माझ्याच्यानं..."

"आधी हिला बघ," वस्ताद म्हणाले. "पीत नाही."

रेवा जिवाच्या आकांतानं बाटली ओढत होती. निपल चपटं होऊन बसलं होतं. तिनं तोंड सोडलं आणि भोकाड पसरलं.

हेमांगीनं सवयीनं निपल धरून ठेवणारी बाटलीची कडी जराशी सैल केली. दुधात बुडबुडे चढले. रेवा घटाघटा पिऊ लागली.

"कुणी आवळली होती एवढी?" वस्तादांनी विचारलं.

"मीच. सांडेल म्हणून..."

तिचा हात बाटलीवरच राहिला.

...

ती उठली. टाकीचं झाकण फिरवलं. सूंऽऽ करत हवा आत शिरली.

"पेट्रोल बाहेर ओढलं जातंय, वस्ताद, आणि त्याच्या जागी आत काहीच येत नाही! मी टाकीचा गळा आवळलाय."

वस्ताद रेवाला खांद्यावर घेऊन थोपटत होते. ढेकर आला. "शाब्बास," ते रेवाला म्हणाले.

मग मान न वळवता... "आणि वाफ? ती येऊ दे पोरीच्या नाकात?"

"अजिबात नाही. तिला वाट द्यायची. पण मी सांगेन ती."

तोटी मोकळी झाली. तिला नळी लावून हेमांगीनं ती सीटमागच्या लोखंडी कमानीच्या माथ्यापर्यंत चढवली, तिथं वळसा दिला, आणि खाली मागच्या चाकापाशी, सायलेन्सरपासून लांब, बाहेरच्या बाजूला उघडी सोडली. तोंडाला बारीक जाळी. मधे एक झडप, गाडी उलटली तर आपोआप मिटणारी.

मग सीटवर बसून वास घेतला. सासूबाईंनाही घ्यायला लावला.

"माझ्या तपकिरीचा येतोय. दुसरा कसला नाही."

गाडी पुन्हा सुटली. निम्मा चढ गेला. हेमांगीनं श्वास धरून ठेवला होता. इंजिनानं धरला नाही. वळण गेलं, खडी गेली, आणि टेकडीच्या माथ्यावरून हॉर्न वाजला. वाजतच राहिला. तो सासूबाई वाजवत होत्या.

खाली आल्या तेव्हा त्यांचा अंबाडा सुटला होता.

"ठीक का, वहिनी?" वस्तादांनी विचारलं.

"ठीक? अहो, झ्याक! उद्यापासून मला शिकवा चालवायला."

शेडमधल्या बाकीच्या शिष्यांनी हातातले लोखंडी पाने आपटून डबे वाजवले. हेमांगी हसत होती, पण स्टिअरिंग काही सोडत नव्हती.

वस्तादांनी रेवाला सासूबाईंकडे दिलं. शेजारच्या सीटवर येऊन बसले. पट्टा लावला.

"वस्ताद, खरं सांगू? माझी भीती अजून गेलेली नाही."

"म्हणून तर बसलो. चल."