मिटल्या मुठीचा वसा

ऐका शुक्रवारा, तुमची कहाणी.

आटपाट नगर होतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्या नगराच्या कळसांची सावली जिथं पोचत नव्हती, तिथं एक वाडी होती. तिची कहाणी कुणी सांगत नाही, म्हणून आज ती ऐका.

वाडीत गोजराबाई नावाची कुळवाडीण राहत होती. तिचा घरधनी सटवा. विहीर खणताना दरड अंगावर आली, तेव्हापासून त्याचा पाय अधू. दावणीला बैल होते, ते बुळकांडीच्या साथीत गेले. वाडीच्या वरच्या अंगाला त्यांचं एक शेत होतं. बैल गेले आणि शेतात कुंदा माजला. कुंदा दिसतो गवतासारखा, पण तो गवत नव्हे, संकट आहे. वर कापावा तर खालून वाढतो, खाली खणावा तर आणखी खाली दडतो. गोजराबाईनं तो कुदळीनं खणला, खुरप्यानं खणला, शेवटी नखांनी उकरला. कुंदा काही हटेना. एक साल शेत पडीक राहिलं, दुसरं साल पडीक राहिलं. राज्याचा कायदा असा, की तीन सालं पडीक राहील ती जमीन राजाची. आता तिसरं साल लागलं. गोजराबाई रोज बांधावर जाई, शेताकडे बघे, पदरानं तोंड पुशी, माघारी येई.

इकडे नगरात काय झालं? राणीच्या तोंडची चव गेली. पंचपक्वान्नं पुढं येत, घास तोंडात जाई आणि राख होई. मग आचारी बदलले, वैद्य बदलले, सोन्याची ताटं मोडून रुप्याची केली. चव काही येईना. एके दिवशी महालाच्या मागल्या दारी एक म्हातारी आली. अंगावर विरलेलं लुगडं, हातात काठी. राणीनं तिला पाट दिला, पाणी दिलं. मग म्हातारी म्हणाली, राणी, तू एक वसा घे. राणीनं पुसलं, कसला वसा, तो कसा करावा?

म्हातारी म्हणाली, "चैत्रातल्या शुक्रवारी उठावं, न्हावं, मुठीत धन घ्यावं. मधे कारकून नको, कोतवाल नको, मुकादम नको. गरिबाच्या घरी जी बाई चूल पेटवते, तिच्या हातात आपली मूठ मोकळी करावी आणि माघारी फिरावं. काय करशील म्हणून पुसू नये. काय केलंस म्हणून पुसू नये. कानावर आलंच, तर नाक मुरडू नये."

राणी म्हणाली, एवढंच? म्हातारी हसली. म्हणाली, देणं सोपं आहे बाई, पुसणं सोडणं अवघड.

मग राणीनं वसा घेतला. पहिल्या शुक्रवारी मेण्यात बसून वाडीत आली, दारोदार मूठ मोकळी केली, अवाक्षर न काढता परत गेली. त्या दिवशी तिला मीठ कळलं. दुसऱ्या शुक्रवारी आली, तसंच केलं. त्या दिवशी तिला आंबट कळलं. तिसऱ्या शुक्रवारी गोड कळायचं, तो प्रधान आडवा आला.

प्रधान म्हणाला, राणीसाहेब, हे काय चालवलंय? गरिबाच्या हाती पैसा दिला की तो ताडी पितो, पत्ते कुटतो, लोळत पडतो. राणीनं पुसलं, तुम्ही वाडीत कधी गेला होतात? प्रधान म्हणाला, जायची गरज काय, असं सगळेच म्हणतात. राणीच्या मनात किंतू आला. म्हणाली, आज मी जात नाही. तुम्ही जा, बघून या, मला सांगा. झालं. वसा तिथंच मोडला.

आता वाडीत काय झालं ते ऐका. गोजराबाईच्या पदरी दोन मुठी आल्या. तिनं त्या उतरंडीच्या मडक्यात ठेवल्या आणि विचार करत बसली. सटवा म्हणाला, एक बैल घेऊ. ती म्हणाली, "अहो, एक बैल दावणीला शोभेल, त्यानं कुंदा निघंल का? कुंद्याला मोठा नांगर लागतो, मोठ्या नांगराला जोड्यांवर जोड्या लागतात." शेजारीण म्हणाली, दाणे भरून ठेव. गोजराबाई म्हणाली, दाणे सरतील आणि शेतही जाईल. बहीण म्हणाली, शेत गेलं तर जाऊ दे, अंगावर धडकं लुगडं तरी घे.

गोजराबाईनं मनाशी ठरवलं, आपण इर्जिक घालायची. इर्जिक म्हणजे काय? ज्याचं शेत अडलं त्यानं वाडीला बोलावणं करावं. ज्याच्या दावणीला बैल त्यानं बैल आणावे, ज्याला नाहीत त्यानं हात आणावे. एका दिवसात सगळ्यांनी मिळून ते शेत नांगरून द्यावं. मजुरी कुणी घ्यायची नाही, पण संध्याकाळी शेतधन्यानं सगळ्यांना पोटभर गोडाचं जेवण घालावं. बोलावलं असतं तर वाडी केव्हाच आली असती. पण घरात नुसत्या ज्वारीच्या कण्या, त्या पंगतीत काय वाढायच्या? या लाजेपायी तिनं दोन सालं तोंड उघडलं नव्हतं.

मग गोजराबाईनं मडकं रितं केलं. हरभऱ्याची डाळ आणली, गूळ आणला, गहू आणले, बैलांना पेंड आणली. कुंकवाचा करंडा घेऊन घरोघर गेली. म्हणाली, शुक्रवारी माझ्या शेतात इर्जिक आहे, यायचं करा. म्हातारा गुणाजी सगळ्या नांगऱ्यांचा म्होरक्या. तो म्हणाला, "गोजरे, मला वाटलं तू आम्हांला मेलेलेच धरलंस."

शुक्रवार उजाडला. जोड्या शेतावर गेल्या, बाया गोजराबाईच्या अंगणात जमल्या. तीन चुली पेटल्या. एकीवर पुरण शिजतंय, एकीवर कटाची आमटी उकळतेय, एकीवर पोळ्या टम्म फुगतायत. बाया गाणी म्हणतायत, एकमेकींच्या सासूंची नक्कल करतायत. अशा वेळी प्रधान घोडागाडीतून वाडीत उतरला. मागं दोन शिपाई, डोक्यावर छत्री.

पहिल्या दारी गेला. तिथल्या विधवेनं राणीच्या पैशांची शेळी घेतली होती. प्रधानानं पुसलं, गाय का नाही घेतली? ती म्हणाली, गाईला चारा लागतो, शेळी बोरीबाभळीवर जगते. प्रधानानं नाक मुरडलं.

दुसऱ्या दारी गेला. तिथल्या बाईनं सासऱ्याचा डोळा वैद्याकडून उघडवून घेतला होता. प्रधानानं पुसलं, थकल्या म्हाताऱ्याच्या डोळ्याचा राज्याला काय उपयोग? ती म्हणाली, राज्याचं मला ठाऊक नाही. ते आता नातीला सांभाळतात, मी कामाला जाते. प्रधानानं नाक मुरडलं.

तिसऱ्या दारी गेला. बघतो तर पोळ्यांच्या चळती लागल्यात आणि बाया हसतायत. नांगर टेकाडापलीकडे चाललेला, तो त्याला दिसला नाही. वेलदोड्याचा वास मात्र आला. प्रधान शिपायांना म्हणाला, बघा, मी काय सांगत होतो? मग गोजराबाईला म्हणाला, राणीनं पोटाला दिलं आणि तू मेजवान्या झोडतेस?

गोजराबाई पिठाच्या हातानं उठली. म्हणाली, "साहेब, ही इर्जिकीची पोळी आहे."

प्रधान म्हणाला, इर्जिक हा कुठला देव? त्याचा उत्सव आमच्या पंचांगात नाही.

बाया तोंडाला पदर लावून हसू लागल्या. प्रधानाला ते झोंबलं. त्यानं हुकूम केला, सगळं गाडीत भरा, राणीसाहेबांना पुरावा दाखवू. गोजराबाईनं वाट अडवली, पाय धरले, माणसं जेवायची आहेत म्हणून सांगितलं. शिपायांनी पोळ्या उचलल्या, पुरण उचललं, आमटीचं पातेलं उचललं. गाडी निघून गेली. अंगणात तीन चुली तेवढ्या धुमसत राहिल्या.

शेत नांगरून होत होतं, पण वाडीला उपाशी राबवल्याचा बोल गोजराबाईला जन्मभर लागणार होता. अन्नावाचून काम घेतलं तर ती इर्जिक नव्हे, वेठ. उद्या कुणाच्या इर्जिकीला कोणत्या तोंडानं जायचं? तिनं डोळे पुसले आणि टेकाड ओलांडून शेतावर गेली. नांगर थांबवले. सगळ्यांपुढं उभी राहिली, झालं ते सांगितलं, म्हणाली, बैल सोडा आणि घरी जा, मी तुम्हांला जेवू घालू शकत नाही.

बैलांनी माना हलवल्या. मग गुणाजी म्हणाला, "पोळी प्रधानानं नेली गोजरे. आम्हांला बोलावणं तू केलं होतंस, ते काही त्याच्या गाडीत गेलं नाही." आणि त्यानं पुढल्या जोडीच्या पाठीवर थाप मारली. नांगर चालू लागला.

मग तिच्यामागून आलेल्या बायांनीही पदर खोचले, शेतात उतरल्या आणि नांगरामागं कुंद्याच्या मुळ्या वेचू लागल्या. दुपारी ज्याच्या त्याच्या घरून भाकरी आली, ठेचा आला, कांदा आला. सगळ्यांनी बसून खाल्लं. गोजराबाईनं घास घेतला नाही. ती पाणी वाढत राहिली.

इकडे नगरात प्रधानानं पोळ्या राणीपुढं मांडल्या. म्हणाला, बघा, तुमच्या दानाचं काय झालं. राणीनं पोळी मोडली. तूप सुटलं, वास दरवळला. दोन मुठींत कळलेलं खारट-आंबट तिला आठवलं, तोंडाला पाणी सुटलं. तिनं घास तोंडात घातला आणि तो राख झाला. मीठही गेलं, आंबटही गेलं. मग राणीला म्हातारीचे शब्द आठवले. ती ताटावरून उठली. म्हणाली, हे सगळं परत गाडीत भरा. मेणा नको, मी गाडीतच बसते. प्रधान म्हणाला, मी पाठवून देतो. राणी म्हणाली, तुम्हांला पाठवलं तिथंच माझा वसा मोडला. आता तुम्ही मागं बसा.

दिवस कलायला आला तेव्हा राणी शेताच्या बांधावर उतरली. बघते तर बैलांच्या जोड्या एकापुढं एक जुंपलेल्या, मागं माणसाच्या मांडीएवढा नांगर, भुई फाटून मोठाली ढेकळं उलटी पडतायत. ढेकळाढेकळातून कुंद्याच्या मुळ्या केसांसारख्या लोंबतायत. अर्धी वाडी मुळ्या वेचून बांधावर टाकतेय, उन्हात वाळून मराव्यात म्हणून. तिसऱ्या सालाचं पडीक रान काळंभोर झालं होतं. प्रधान छत्रीखाली उभा होता. नांगर बघितला आणि त्याचा चेहरा उतरला.

राणीनं स्वतः पोळ्यांची परात खाली उतरवली. गोजराबाईपुढं ठेवून म्हणाली, हे तुझं आहे बाई, माझं चुकलं. मग हळूच म्हणाली, "मला या पंगतीत बसवशील?"

सगळी वाडी गोजराबाईकडे बघू लागली. तिनं पदर सारखा केला. म्हणाली, "आईसाहेब, बसा ना. पण इर्जिकीत हात लावल्याशिवाय पान मांडत नाहीत. तो आमचा नेम आहे, माझ्यासाठी मोडायचा नाही आणि तुमच्यासाठीही नाही."

प्रधान खेकसला, जीभ आवर. राणीनं त्याला हातानं गप्प केलं. बांगड्या मागं सारल्या, शालू खोचला आणि ढेकळात उतरली. एक मुळी उपटली, ती तुटली. शेजारची विधवा म्हणाली, असं नाही आईसाहेब, मुळाशी धरून ओढा. राणीनं मुळाशी धरून ओढलं. मग दुसरी ओढली, तिसरी ओढली. नखांत माती गेली, तळहाताला फोड आले, कपाळाचा घाम कुंकवातून नाकावर उतरला. नांगराचं शेवटचं तास संपेतो ती वाकलेलीच होती.

मग बैल सुटले, पेंड खाऊ लागले. बांधावर पंगत बसली. गोजराबाईनं पाटपाण्याचा मान गुणाजीला दिला, मग सगळ्यांना वाढलं, मग राणीला वाढलं. पोळ्या गार झाल्या होत्या, आमटी गाडीत हिंदकळून निम्मी सांडली होती. राणीनं घास घेतला. गोड लागला. दुसरा घेतला, गोड लागला. तिसरी पोळी तिनं मागून घेतली. गुणाजी म्हणाला, वाढ गं गोजरे, नवीन गडी आहे, भूक लागलीय. सगळे हसले, राणीही हसली.

प्रधान म्हणाला, आणि मी? गोजराबाई म्हणाली, प्रधानजी, रान मोठं आहे, मुळ्या अजून पुष्कळ आहेत. प्रधानानं छत्री मिटवली नाही, हात मळवले नाहीत. तो तसाच उपाशी गाडीत जाऊन बसला. तो अजूनही कुठं कुठं हिंडतो, आणि दारोदार विचारतो, दिलेल्याचं काय केलंत? त्याला मीठ कळत नाही, आंबट कळत नाही, गोड कळत नाही.

मग गोजराबाईचं शेत कायद्यातून सुटलं. तिनं तिथं ज्वारी केली, कडेनं तूर लावली. कुणाची इर्जिक असली की सगळ्यांत आधी ती हजर. पुढल्या चैत्रात शुक्रवारी राणी वाडीत आली, मेणा लांब ठेवून पायी आली. दारोदार मूठ मोकळी करत गोजराबाईच्या दारी पोचली. गोजराबाईनं हात पुढं केला. राणीनं मूठ तिच्या हातात सोडली. मग राणीच्या ओठांवर काहीतरी आलं. आता याचं काय करशील, असंच असावं. तिनं ओठ मिटले. गोजराबाईनंही मूठ मिटली. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या, आणि राणी शेजारच्या दाराकडे वळली.

गोजराबाईच्या भुईतला कुंदा निघाला, तसा तुमच्याआमच्या मनातला किंतू निघो. राणीला घास गोड लागला, तसा तुम्हांआम्हांला लागो. साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरांत सांगितली, ऐकणाऱ्यांच्या ओटीत घातली, त्यांच्या घरी ती फळाला येवो.