महाराजांच्या छातीतली आग

हैबतराजांच्या छातीत आग पडली होती. जेवून आडवे झाले की घशाशी आंबट यायचं, जळजळ कानापर्यंत चढायची आणि राजे उशी फेकून उठून बसायचे. महिनाभर हे सोसल्यावर त्यांनी स्वतःच निदान करून टाकलं की कुणीतरी आपल्याला हळूहळू विष घालतंय.

वृद्ध राजवैद्य नरहरशास्त्री हात जोडून सांगत होते की हे विष नाही, आम्लपित्त आहे. थोडं जेवावं, सावकाश जेवावं, जेवल्याबरोबर झोपू नये आणि औषधाची पुडी घ्यावी. राजांनी पुडी भिरकावली. त्यातही विष असलं तर? वर बजावलं की पुन्हा पित्ताचं नाव काढलंत तर राज्याबाहेर घालवीन. राजेपणाचा एक तोटा असा, की पोटाचं दुखणंही आपल्याच हुकमानं चालतं असं वाटायला लागतं.

संशय अर्थातच रखमाजी आचाऱ्यावर आला.

आता त्या राज्यात एक जुना रिवाज होता. जो राजाचं अन्न रांधेल, त्याच्याच लेकरानं ते आधी चाखायचं. पोटच्या पोराला कोण विष घालील? रखमाजीची लेक येसू सहा वर्षं हे काम करत होती आणि चांगली ठणठणीत होती. पण राजे म्हणाले, ही चाखते शितभर आणि मी जेवतो ताटभर. शितभर विषानं काय होणार? रखमाजीला जन्मभर तळघरात टाका.

येसूच्या बापाच्या हाताला दोरी लागली. पण ती रडत बसली नाही. पुढे होऊन म्हणाली, "महाराज, आठ दिवस द्या. आग लावणाऱ्याला हुडकून देते."

"माझ्या ताटातला एकही पदार्थ कमी करायचा नाही," राजे गुरगुरले. "आणि मला पथ्यपाणी शिकवायचं नाही. हुडकलं नाहीस तर बापाबरोबर तूही तळघरात."

"कबूल. पण आठही दिवस आबाच रांधतील. चुलीवर दुसरा माणूस बसला आणि आग थांबली, तर दोष आबांच्याच माथी राहील. आणि चाखण्याचा रिवाज मी माझ्या पद्धतीनं पाळीन. त्यात कुणी आडवं यायचं नाही."

राजांनी मान हलवली. ती हलवताना आपण काय कबूल करतोय, हे त्यांना कळलं नसावं.

दुसऱ्या दिवशी ताट आलं. बासुंदी, तळलेली वांगी, वड्या, सगळं जिथल्या तिथं. येसूनं प्रत्येक पदार्थ चाखला आणि पाण्यात घटिकापात्र, म्हणजे वेळ मोजायची तळाला भोक असलेली वाटी, सोडलं. वाटी बुडेपर्यंत थांबायचं, कारण विष चढायला वेळ लागतो. राजे जेवले आणि दुसऱ्यांदा वाढायची खूण केली. येसूनं त्यांचा हात अदबीनं अडवला. नवं वाढप म्हणजे नवी चव आणि पुन्हा वाटी बुडेपर्यंत वाट पाहणं. वाटी बुडाली तेव्हा राजांची भूक निम्मी मेली होती. तिसऱ्या वाढपाला ते स्वतःच नको म्हणाले.

मग ते पलंगाकडे निघाले. येसू दारात! अंथरुणात काही खुपसून ठेवलं असेल, तपासायला हवं. तिनं एकेक गादी उसवली, झटकली, पुन्हा शिवली. तेवढ्यात पाच वाट्या बुडाल्या. राजे गच्चीवर येरझारा घालत तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. ती मात्र सावकाश टाके घालत होती. पलंगाखाली कुणी लपलं तर दिसावं म्हणून तिनं उशाकडच्या पायांखाली दोन दोन विटाही सरकवल्या.

आठही दिवस हेच चाललं. आणि शास्त्रीबुवांची पुडी? ती येसूनं रोज सगळ्यांसमोर आधी स्वतः चाखली. रिवाजाप्रमाणे आता राजांना नाही म्हणायला तोंड उरलं नाही.

नवव्या दिवशी दरबार भरला. रखमाजी कोपऱ्यात उभा होता.

"बोल," राजे म्हणाले. "कोण आहे तो?"

"आधी महाराजांनी सांगावं, जळजळ कशी आहे?"

राजांनी छाती चाचपून पाहिली. "गेल्या चार दिवसांत झालीच नाही."

"आचारी बदलला? ताटातला पदार्थ कमी झाला?"

"नाही."

"मग हुडकलंय मी त्याला. आठ दिवसांत मी फक्त एकाच माणसाचा हात अडवला, महाराज. त्याच हाताच्या बोटात राजमुद्रेची अंगठी आहे."

रखमाजीनं डोळे मिटले. राजांनी आपला उजवा हात वर केला, अंगठीकडे पाहिलं, मग सुटलेल्या पोटाकडे पाहिलं. आणि गडगडून हसायला लागले. हसता हसता मध्येच थांबून त्यांनी घशाला हात लावला. आंबट काही वर आलं नव्हतं. मग ते आणखीनच हसले.

"गुन्हेगार सापडला," ते डोळे पुसत म्हणाले. "शास्त्रीबुवा, तो तुमच्या ताब्यात. पुडी किती दिवस द्यायची ते तुम्ही ठरवा, तो तक्रार करणार नाही. रखमाजीला पागोटं बांधा. आणि ज्या हातानं माझा हात धरला, त्या हातात सोन्याचं कडं घाला."

दुपारी राजे पानावर बसले. बासुंदीची वाटी संपली, हात सवयीनं पुढे गेला आणि अर्ध्यावर थांबला.

"येसू," राजे म्हणाले, "वाटी सोड पाण्यात."