दोनदा सांगितलेली ओळ

बर्फाच्या टोप्या घातलेल्या डोंगरांखाली, किरगिझ लोकांच्या एका हिरव्यागार कुरणात बुरुल राहायची. तिला बाबा नव्हते. आईच्या तंबूला इतकी भोकं होती, की वारा न विचारताच आत यायचा. बुरुल दिवसभर लोकांची कोकरं राखायची आणि त्या कोकरांनाच वीरांची जुनी गाथा सांगायची, आठवेल तेवढीच. कुरणातले गाथा सांगणारे म्हातारे आजोबा वारल्यापासून ती पूर्ण कुणालाच येत नव्हती. आपल्याला ती यावी असं बुरुलला फार फार वाटायचं. पण मोठी माणसं हसायची. मुलीनं म्हणे गाथा सांगायची!

एका सकाळी लाल ट्युलिपांजवळच्या काटेरी झुडपात तिला एक इवलीशी परी अडकलेली दिसली. बुरुलनं बोटं ओरबाडून घेतली, पण तिचे चंदेरी पंख अलगद सोडवले.

"काय हवं तुला, सोनुले?" परीनं विचारलं.

"गाथा. पूर्ण."

"दिली. पण एकही ओळ दोनदा म्हणू नकोस हं. म्हटलीस तर सगळी उडून जाईल."

उन्हाळ्याच्या जत्रेत बुरुल गालिच्यावर बसली. तिनं डोळे मिटले, हात उचलले आणि गाथा झुळझुळ वाहू लागली. हसणारे गप्प झाले. वीराचा पांढरा घोडा पुरात पडला, पोहत पोहत काठाला लागला. तेवढ्यात जिपार आजीनं तिची बाही ओढली. आजीला कमी ऐकू यायचं.

"पोरी, घोडा वाचला का गं? मला ऐकूच आलं नाही."

बुरुलला परीची अट आठवली. पण आजीचे डोळे पाण्यानं भरले होते. ती आजीच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "पोहत पोहत काठाला लागला, आजी."

तिच्या ओठांतून सोनेरी फुलपाखरं भुर्रकन उडाली. गाथा गेली. बुरुलला रडू आलं.

"मग? पुढे?" आजी म्हणाली.

बुरुलला आठवलं, एकदा तिनं ओढ्यातून काढलेलं कोकरू कसं थरथरत होतं. घोडाही तसाच थरथरला, असं तिनं सांगितलं. मग आणखी एक शब्द सुचला, मग दहा. लोक पुढे सरकून ऐकू लागले.

गाथा संपली तेव्हा परी तिच्या तळहातावर उतरली. "ती माझी होती, म्हणून उडाली. ही तुझी आहे. आता हवं तितक्या वेळा सांग." एवढं बोलून ती लख्ख उजेडात विरून गेली.

लोकांनी मिळून बुरुलच्या तंबूवर जाड, नवी लोकर चढवली. उबेला सगळ्यांत आधी जिपार आजी येऊन बसली.

"पोरी, घोडा वाचला का गं?"

बुरुल हसली आणि पहिल्यापासून सांगू लागली.