पाटीवरचं गोणपाट

“पण बुवा, पाटी झाकून ठेवायची म्हणजे काय?”

विद्याधर पोतनीस तावातावानं विचारत होता. निरंजनबुवा मठाच्या ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी दाणे तोंडात टाकले आणि टरफल बाजूला ठेवलं.

“कुणाची पाटी?”

“टोपीवाल्या आवट्यांची. मी कॅमेरा घेऊन गेलो की दुसऱ्या दिवशी वर गोणपाट. आता तर कायमचंच टाकलंय. माझ्याशी एवढं वैर कशासाठी?”

बुवांनी आणखी एक शेंग फोडली.

विद्याधर बँकेत नोकरीला होता, पण ते पोटापुरतं. खरा जीव कॅमेऱ्यात. बार्शीच्या जुन्या पेठेतली लाकडी फळ्यांच्या दारांची दुकानं, हातानं रंगवलेल्या पाट्या, कोपऱ्यात पेंटरची सही... दर रविवारी पहाटे तो हे सगळं टिपत हिंडायचा. फोटो चांगले असायचे, त्यात वाद नाही. गेल्या दिवाळीत त्यानं गावात प्रदर्शन भरवलं, लोकांनी वाहवा केली, फोटो फोनवरून गावोगाव फिरले आणि तेव्हापासून स्वारी जमिनीच्या चार बोटं वरून चालायला लागली.

आता पुण्यात मोठं प्रदर्शन ठरलं होतं. भिंतीवर मधोमध आवट्यांचीच पाटी लागायची होती. जुना फोटो तेवढा मोठा केला की अक्षरं विस्कटत होती, म्हणून नवा हवा होता. आणि तिथंच घोडं अडलं होतं.

“तुमचा शब्द ते मोडणार नाहीत, बुवा. तुम्ही एकदा सांगून बघा. आज ना उद्या दुकान बंद पडणार, पाटी भंगारात जाणार. मी ती वाचवतोय, आणि हा माणूस माझ्यावरच उलटतोय.”

“बंद पडणार, असं आवटे म्हणाले?”

“म्हणायला कशाला हवं? दिसतंच की. आता टोपी घालतंय कोण?”

बुवांनी डोक्यावरची टोपी काढली. ती कडेला विरली होती. त्यांनी ती हातात फिरवून पाहिली.

“मी,” ते म्हणाले. मग टरफलं झटकून उठले. “चल. मला नवी घ्यायचीच आहे.”

“आत्ता? ऊन वर आलंय, बुवा. फोटोला असला उजेड काय कामाचा? उद्या पहाटे जाऊ.”

“पहाटे टोपी कोण विकतं?”

विद्याधर मुकाट्यानं मागे निघाला.

पेठेत वर्दळ होती. आवट्यांच्या पाटीवर गोणपाट लोंबत होतं. खाली गादीवर रेवणसिद्ध आवटे एकटेच बसले होते. बुवांना पाहून ते लगबगीनं उठले, हात जोडले. मागे विद्याधर दिसला आणि त्यांचा चेहरा उतरला.

“या बुवा. भवानी व्हायचीय अजून. पहिलं गिऱ्हाईक तुमीच.”

“मी नंतर. आधी याच्या डोक्याचं बघा.”

“बुवा, मी टोपी घालत नाही,” विद्याधर म्हणाला.

“ठाऊक आहे. बस.”

तो उंबरा ओलांडून गादीच्या कडेला टेकला. दहा वर्षं तो या दुकानाचे फोटो काढत होता. आत आज पहिल्यांदा आला होता. नव्या कापडाचा, खळीचा वास होता. एकात एक घातलेल्या टोप्यांच्या चळती छतापर्यंत गेल्या होत्या.

आवट्यांनी त्याच्या डोक्याभोवती टेप धरला, मागच्या फडताळातून एक काळी टोपी काढली, त्याच्या डोक्यावर ठेवली आणि आरसा पुढे केला. विद्याधरला आधी लाज वाटली. पण तरी तो आरशात जरा जास्तच वेळ बघत राहिला.

त्यानं पैसे दिले. आवट्यांनी ते डोळ्यांना लावले आणि मग गल्ल्यात टाकले.

हीच वेळ आहे, असं विद्याधरला वाटलं.

“आवटे, आता तरी ते गोणपाट काढाल ना?”

“आदी तुमचा तो फोटो दावा.”

विद्याधरनं फोनमधला फोटो उघडून हौसेनं पुढे धरला. निळी पाटी, पिवळी अक्षरं, दोन्ही टोकांना रंगवलेली टोपी. खाली पहाटेच्या कोवळ्या उजेडात बंद फळ्या. आणि त्याखाली विद्याधरनंच लिहिलेले शब्द : ‘एक होतं दुकान’.

आवटे चष्मा सावरून बघत राहिले.

“झ्याक हाय... पर ह्यात मी कुठं हाय?”

“पहाटेचा आहे ना. दुकान उघडायच्या आधीचा. रस्ता मोकळा असतो, मध्ये कुणी येत नाही.”

“हां...”

त्यांनी फोन परत दिला.

“वैरागची मंडळी दरसाल लग्नसराईला मानाच्या टोप्या माझ्याकडनं न्यायची. औंदा आली न्हाईत. आवट्याचं दुकान बंद झालं, फोनवर बघितलं म्हनली. लातूरचे व्याही तर रुसून बसले. एवढं झालं आन् आमाला कळवलं न्हाई म्हनून.”

विद्याधरनं फोन खिशात टाकला. त्यानं बुवांकडे पाहिलं. बुवा आपली टोपी निवडण्यात गुंग होते.

“मला... मला पाटी वाचवायची होती, आवटे.”

“पाटी काय, दुसरी रंगवता येती, सायेब.”

आवटे रागानं बोलले असते तर बरं झालं असतं. ते साधेपणानं बोलले, आणि विद्याधरला फार वाईट वाटलं. डोक्यावरची टोपी एकदम जड झाली.

मग आवट्यांनीच कोपऱ्यातली काठी उचलली, बाहेर जाऊन गोणपाट खाली ओढलं. धूळ उडाली.

“काढा फोटू. पर उघड्या दुकानाचा काढा.”

ते गादीवर येऊन बसले. धोतर सावरलं, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, मान ताठ केली. लग्नात जोडीनं फोटोला बसतात तसे.

विद्याधर रस्त्यावर उतरला. पाटी आणि आवटे एकदम यावेत म्हणून अगदी पायरीशी खाली वाकला. ऊन कडक होतं, अर्ध्या पाटीवर सावली पडली होती. तरी त्याला वाटलं, हा फोटो खरा होईल. यात माणूस आहे. त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते पटकन पुसले, कारण समोरचं धूसर दिसत होतं.

श्वास रोखून तो बटण दाबणार, एवढ्यात कडेनं कुणीतरी मध्ये आलं. खांद्याला पिशवी लावलेला, बोडक्या डोक्याचा एक म्हातारा पायरीकडे येत होता.

विद्याधरचा डावा हात आपोआप वर झाला. दहा वर्षांची सवय ती.

“अहो, जरा थांबा. बाजूला व्हा, बाजूला.”

म्हातारा दचकला. त्यानं कॅमेऱ्याकडे पाहिलं, पायरीशी वाकलेल्या टोपीवाल्या साहेबाकडे पाहिलं.

“बंद हाय व्हय दुकान?” तो पुटपुटला आणि माघारी वळला.

आवट्यांचे हात गुडघ्यांवर तसेच राहिले.

बुवा आत नव्या टोपीची घडी उलगडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“उघडंच आहे, पाव्हणं,” ते म्हणाले. “दारातला हा हलला, की दिसेल.”