झिजलेल्या देवदूताचं हसू

“तो चेहरा मी कोरणार की नाही, ते आजच सांगा. मला ताटकळत ठेवू नका, मेस्त्री!”

बस्त्याव मेस्त्रींनी विडी कानामागे खोचली. त्यांचं उभं आयुष्य परांचीवर गेलं होतं. टपालघराच्या माथ्यावरचे सिंह त्यांचे, कोर्टाच्या खांबांवरचे द्राक्षांचे घोस त्यांचे, किनाऱ्यावरच्या निम्म्या चर्चांचे देवदूत त्यांचे. ब्रिजित त्यांच्याच हाताखाली शिकली. आता या चर्चची दुरुस्ती निघाली होती, आणि दारावरचा देवदूत तिला हवा होता.

“कसला चेहरा?”

“पुन्हा तेच! तुमचा देवदूत. आईच्या कडेवरून पाहिला तेव्हापासून हसतोय. त्याच्यापायीच मी छिन्नी धरली. मी त्याहून गोड हसू कोरीन.”

“त्याहून गोड... भलतीच आगाऊ आहेस.”

“तुमचीच शिष्या.”

“मग चढ.”

ती भराभर परांची चढली. मागून गुडघे धरत मेस्त्री आले.

वर पोचून तिनं समोर पाहिलं.

देवदूताला चेहराच नव्हता. नाक नाही, ओठ नाहीत, डोळ्यांच्या जागी खळगेसुद्धा नाहीत. खाऱ्या वाऱ्यानं सगळं चाटून नेलं होतं. उरला होता गुळगुळीत गोटा.

तिनं त्यावर हात फिरवला...

“हे कधी झालं?”

“झिजायला काय मुहूर्त लागतो?”

“पण आत्ता खालून बघितला मी. हसत होता!”

“जा, पुन्हा बघ.”

ती धावत उतरली. चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहून मान वर केली.

देवदूत हसत होता.

मासळीची पाटी घेऊन चाललेली एक म्हातारी तिच्याजवळ थांबली. वर बघून तिनं क्रुसाची खूण केली. मग तिच्याही सुरकुतल्या तोंडावर तेच हसू उमटलं.

ब्रिजित परांचीकडे वळली.

ती परत वर आली तेव्हा मेस्त्रींनी छिन्नी पुढं केली. तिनं हात मागं घेतला.

“नाही. याला कुणीच हात लावायचा नाही.”

“का? मघाशी तर भांडत होतीस.”

“हसू जाईल, मेस्त्री. तुमचं हसू...”

“माझं?”

मेस्त्रींनी तिची मूठ उघडली. छिन्नी तळहातावर ठेवली, आणि तिची बोटं एकेक करून मिटवली.

मग त्या गोट्यावर आपला हात टेकवला.

“पोरी, मी कोरलेला चेहरा कधीच झिजून गेला. तो कोरायला मी चढलो, तेव्हाही इथं असाच गोटा होता. आणि खाली लोक म्हणत होते, किती गोड हसतो!”